थंडीनं बसलेली सुई

मी सिलिंडर बोलतोय. सिलिंडर म्हटलं की तुम्हाला स्वयंपाकघर आठवेल, पण माझा चुलीशी कधी संबंध आला नाही. माझ्या पोटातला वायू जळत नाही. सोड्यात फसफसतो, बिअरला फेस आणतो, तो हा. आधी मी एका पबच्या तळघरात उभा राहून बिअर वर ढकलायचो. पुढे वाळवंटात गाड्यांचे टायर फुगवायला लागलो. आता एका व्हरांड्यात उभा आहे. माझं बोलणं गोड लागणार नाही, हे आधीच सांगतो. लोखंडाचा आहे मी, लोण्याचा नाही.

माझ्या खांद्यावर दोन आकडे कोरलेले आहेत. पहिला माझ्या रिकाम्या अंगाच्या वजनाचा, नऊ किलो आठशे ग्रॅम. दुसरा पोटात मावणाऱ्या वायूचा, सहा किलो. कारखान्यातल्या माणसानं हातोडीनं ठोकून ते उमटवले, तेव्हा मला वाटलं, एवढं ठणठणीत लिहिलंय, आता कुणाची चूक व्हायची नाही. माणसं वाचत नाहीत, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं!

यारंडी गावच्या पबात मी आलो. यारंडी म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं शेवटचं गाव, त्याच्यापुढं फक्त दगड आणि मग वाळू. पब चालवायचे डार्सी केम्पस्टर आणि त्याची बायको नोलीन. म्हणजे असं, की डार्सी पुढं उभा राहून बोलायचा आणि नोलीन पब चालवायची. डार्सीची जीभ म्हणजे बापरे! ट्रकवाल्याचं टक्कल, मेंढपाळाची फाटकी विजार, कुणाच्या बायकोचं पळून जाणं, काही म्हणजे काही सुटायचं नाही. लोक हसायचे, कारण ज्याच्यावर विनोद झाला तो सोडून बाकीच्यांना मजाच यायची. मलाही यायची. खोटं कशाला बोलू?

तळघरात मात्र राज्य नोलीनचं. दर सोमवारी ती आम्हा तिघा सिलिंडरांना बटाट्याच्या वजनकाट्यावर चढवायची, खांद्यावरचा आकडा वजा करायची आणि आत किती उरलंय ते खडूनं पाठीवर लिहायची. एकदा घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, पब तुडुंब भरलेला असताना, बिअर बंद पडली. त्या सोमवारी ती आजारी होती, वजन डार्सीनं करायचं होतं. तो सगळ्यांसमोर ओरडला, "ए म्हातारे, तुझ्या सिलिंडरनं दगा दिला बघ! मीटरची सुई तर सकाळी ताठ उभी होती!"

"सुई आतला जोर सांगते रे, डार्सी," ती खालूनच म्हणाली. "माल किती उरलाय ते नाही सांगत. ते वजनानंच कळतं."

तिचं खरं होतं. माझ्या पोटात वायू पातळ होऊन बसलेला असतो. तो पातळ आहे तोवर सुई जागची हलत नाही. सहा किलो असो की दोन किलो, सुई तिथंच. अगदी शेवटी, पातळ संपून नुसती वाफ उरली, की मग सुई घसरायला लागते आणि घसरली की थांबत नाही. आणखी एक आहे. थंडीत सुई खाली बसते, उन्हात वर चढते. म्हणजे सुई बघून माझ्या पोटातलं ओळखणं हे चेहरा बघून पोटातली भूक ओळखण्यासारखं आहे. डार्सीनं हे त्या दिवशी ऐकलं आणि वर जाऊन म्हणाला, "आमच्या मॅडम तळघरात शाळा घेतायत." सगळा पब हसला.

पुढं पब विकला गेला. दोन सिलिंडर नव्या मालकाकडं राहिले, मला डार्सीनं घरी आणलं. कशासाठी, तर एका एप्रनसाठी.

यारंडीत सात-आठ कुटुंबांचा एक क्लब होता. दर हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-ऑगस्टात, आपापल्या मोठ्या गाड्या घेऊन ते सिम्पसन वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या ओलांडायचे. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा सोडून पंधरा पौंडांवर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. वाळू संपली की पलीकडं धारदार दगडांचा रस्ता. तिथं हवा परत छत्तीस पौंड करायचीच, नाहीतर मऊ टायर दगड कापून खातात. वाळू जिथं संपते तिथं एक जुनं फाटक आहे. सगळे तिथं थांबून हवा भरायचे, आणि ज्याचं सगळ्यात शेवटी होईल त्यानं फुलाफुलांचा एप्रन बांधून सगळ्यांना चहा पाजायचा, असा रिवाज. एप्रन नोलीननंच जुन्या पडद्याचा शिवला होता. दरवर्षी ती तो धुऊन, इस्त्री करून न्यायची.

डार्सीकडं पायानं दाबायचा पंप होता. सलग चार वर्षं तो शेवटचा आला. सलग चार वर्षं एप्रन बांधून त्यानं चहा ओतला, आणि ज्यांची ज्यांची त्यानं बावीस वर्षं पबात टर उडवली होती, त्या सगळ्यांनी मनसोक्त उसनं फेडलं. "वेटरबाई, साखर कमी पडली हो!" "वेटरबाई, जरा कंबर हलवा!" यात पुढं असायचा क्लाइव्ह, नोलीनचा धाकटा भाऊ. दुसऱ्याला टोचणाऱ्या माणसाची स्वतःची कातडी किती पातळ असते ते मी तेव्हा पाहिलं. चौथ्या वर्षी घरी येऊन डार्सीनं तो पायपंप कुऱ्हाडीनं फोडला.

मग शेडमध्ये माझी तयारी सुरू झाली. तीन आठवडे तो खपला. माझ्या तोंडावर वायूचा जोर आवरणारं यंत्र बसवलं, त्याला सुयांचे दोन मीटर. मोठ्या मीटरवर त्यानं नोलीनच्या नेलपॉलिशनं एक हिरवा पट्टा रंगवला. सुई हिरव्यात म्हणजे सिलिंडर भरलेला, असं त्याचं शास्त्र. दहा मीटर लांब लाल रबरी नळी आणि तिच्या टोकाला टायरच्या वॉल्व्हला चावून बसणारी पकड. मी आडवा झालो तर आतलं पातळ तोंडात येऊन सगळं गोठतं, म्हणून जुन्या पलंगाचे लोखंडी गज वाकवून मला उभं धरणारा पिंजरा केला. हात चांगला होता त्याचा. नोलीननं सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं.

"पिंजऱ्याला वर एक कडी लाव ना," ती म्हणाली. "आकडीच्या काट्याला टांगून वजन करता येईल."

"कशाला? हे काय बटाट्याचं पोतं आहे?" त्यानं मीटरवर टिचकी मारली. "हिरवं दिसतंय ना? रंग ओळखता येतात ना तुला?"

कडी लागली नाही.

त्या वर्षी फाटकापाशी जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बाकीच्यांचे बॅटरीवरचे छोटे कॉम्प्रेसर घरघरत होते, एका टायरला सात-आठ मिनिटं. डार्सीनं माझा वॉल्व्ह उघडला. फुस्स! एक मिनिट. दुसरा, तिसरा, चौथा. इतर पहिल्याच टायरपाशी वाकलेले असताना हा खुर्ची टाकून बसला आणि घड्याळ बघत मोठ्यानं मिनिटं मोजायला लागला. शेवटचा आला क्लाइव्ह. डार्सीनं स्वतःच्या हातानं त्याला एप्रन बांधला, गाठ करकचून मारली आणि म्हणाला, "मेव्हण्या, काय शोभतोस रे! तुझी बायको सोडून गेली तर काय बिघडलं, तुझ्यातच एक बायको आहे की!" क्लाइव्हची बायको जाऊन तीन महिने झाले होते. कुणी हसलं नाही. डार्सी हसला. मी गार पडलो होतो, अंगावर दव धरलं होतं, पण मला अभिमान वाटत होता. जिंकणाऱ्याच्या हातात असलं की कुणालाही वाटतो.

पुढच्या वर्षीही तेच. मग डार्सीला माझं वेड लागलं. गावात कुणाचा टायर दिसो, हा मला घेऊन हजर. मुलांची रबरी होडी फुगवून दाखव, जत्रेत फुगे फुगवून दाखव, उगाच फुस्स करून माशा उडवून दाखव. आणि तोंडानं सगळ्यांच्या कॉम्प्रेसरचा उद्धार. तिसऱ्या वर्षी क्लब जूनमध्येच वाळवंट ओलांडून आला. डार्सीला तारीख कुणी कळवलीच नाही.

त्याला ते किराणाच्या दुकानात कळलं. घरी आला आणि शेडमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. मग उठून म्हणाला, "म्हातारे, सामान बांध. आपण दोघंच जाऊ. कोण लागतंय?"

ऑगस्टमध्ये निघायचं ठरलं. आदल्या दुपारी क्लाइव्ह आला, हातात त्याचा कॉम्प्रेसर. डार्सीकडं न बघता तो बहिणीला म्हणाला, "नोलीन, हा असू दे गाडीत. एकटेच जाताय. मी निवांत झोपेन."

"ते खेळणं माझ्या गाडीत नाही येणार," डार्सी म्हणाला.

नोलीननं हात पुसले. आत गेली आणि न्हाणीघरातला माणसं वजन करायचा काटा घेऊन आली. तो माझ्या शेजारी ठेवत म्हणाली, "एकदा बघू या तर खरं. दोन वर्षांत भरलेला नाही तो. किती टायर, किती फुगे, मी मोजायचं सोडून दिलं."

सांगू? तेव्हा माझ्या पोटात पावणेतीन किलो होतं. सुई हिरव्यात. चार टायरांना एक किलोसुद्धा लागत नाही, म्हणजे तसं पुरेसं होतं. पण वजन झालं असतं तर डार्सीला आकडा कळला असता. आकडा कळला की माणूस जरा जपून वागतो.

डार्सीनं काट्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग क्लाइव्हकडं. "वजन करायचंय ना? मग आधी तू चढ. गाडीला जड कोण होतंय ते तरी कळेल." तिचा दंड धरून त्यानं तिला खरंच काट्यावर उभी केली, आणि वाकून आकडा मोठ्यानं वाचला. भावासमोर. त्रेसष्ट वर्षांची बाई ती. तिचे कान लाल झाले. ती उतरली, काटा उचलला आणि आत ठेवून आली. परत कुणी वजनाचं नाव काढलं नाही. क्लाइव्ह गेल्यावर नोलीननं कॉम्प्रेसर गुपचूप गाडीत मागं ठेवला. सकाळी डार्सीला तो दिसला. त्यानं तो काढून व्हरांड्यात ठेवला आणि त्याच्या जागी बिअरची पेटी सरकवली.

मी सगळं पाहत होतो. मला बोलता आलं असतं तर बोललो असतो का? नसतो. मला त्या कॉम्प्रेसरचा राग यायचा.

चार दिवस टेकड्या ओलांडण्यात गेले. एकदा दगडानं एक टायर फाटला, दोन जादा चाकांपैकी एक लागलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या उंच टेकडीच्या पायथ्याशी मुक्काम पडला. तिथं शहरातली तीन माणसं तंबू ठोकून होती. त्यांच्या शीतपेटीचा पंखा जळालेला, बिअर कोमट. डार्सीला एवढंच पाहिजे होतं. नवे कान, नवे डोळे!

"थांबा, तुम्हाला बर्फ पाडून दाखवतो," तो म्हणाला.

त्यानं माझ्या तोंडावरचं यंत्र काढलं, मला उलटा केला आणि बादलीतल्या ओल्या पोत्यावर वॉल्व्ह उघडला. उलटा केल्यावर माझ्यातलं पातळ थेट बाहेर पडतं आणि हवा लागताच त्याचा बर्फ होतो. पांढरं धुकं, कडकडीत गारवा, टाळ्या! एक बादली झाली. "आणखी एक होऊ दे!" दुसरी झाली.

"अरे डार्सी, पुरे की," नोलीन शेकोटीपाशी चॉप्स उलटत म्हणाली. "उद्या लागणार आहे तो."

"ऐकलंत? सिलिंडर माझा, काळजी हिला!" तिसऱ्या बादलीला नुसता फुस्स आवाज आला. एकानं विचारलं, "संपला की काय?" डार्सी म्हणाला, "छे! तोंड गोठलंय त्याचं." माझ्या पोटात तेव्हा जेमतेम तीनशे-साडेतीनशे ग्रॅम वाफ उरली होती. दीड टायरची सोय. लोकांनी गार बिअर उचलून डार्सीच्या नावानं घोट घेतला. नोलीनला कुणी विचारलं नाही. तसंही तिला बिअर आवडायची नाही.

सकाळी दव गोठलं होतं. डार्सीनं यंत्र परत बसवलं. सुई हिरव्याच्या खूप खाली. नोलीन वाकून बघत राहिली. तिचा डावा हात तिनं उजव्या हातानं धरला होता.

"थंडीनं बसलीय सुई," तो म्हणाला. "गेल्या वर्षी नाही का बसली होती? उन्हात चढते."

गेल्या वर्षी बसली होती, हे खरं. उन्हात चढली होती, हेही खरं. त्या खऱ्याच्या आधारावर तो गाडीत बसला. "हात काय धरलायस?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "काल वाळू उपसली ना, भरून आलाय." दुखतंय म्हटलं असतं तर त्यानं तीही गंमत केली असती, म्हणून ती बोलली नाही. हे माझं मत. पण इतकी वर्षं मी तिला ओळखत होतो.

अकरा वाजता फाटक आलं. ती गाडीतून उतरली आणि फाटकाच्या खांबाला धरून खाली बसली. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. डार्सीनं पहिल्यांदा हाक मारली ती "म्हातारे" अशी नव्हती. "नोलीन! ए नोलीन!"

वायरलेसवर विमानानं येणारी डॉक्टरीण मिळाली. तिनं चार प्रश्न विचारले आणि एकदम सरळ सांगितलं, "हृदयाचा झटका आहे. अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. विमान तिथं उतरू शकत नाही. कूरानीच्या फार्मवर धावपट्टी आहे, तुमच्यापासून शंभर किलोमीटर. आम्ही दीड तासात तिथं असू. तुम्हीही असा."

शंभर किलोमीटर दगडांचा रस्ता. छत्तीस पौंड हवा असेल तर दीड तास. पंधरा पौंडांवर पाच तास, तेही टायर टिकले तर.

"पाच मिनिटं," डार्सी तिला म्हणाला. "फक्त पाच मिनिटं. माझ्याइतकं पटकन कुणी भरतं का? सांग ना!"

ती मान हलवून हो म्हणाली.

त्यानं मला उघडलं. उन्हानं सुई सकाळपेक्षा बोटभर वर आली होती. "चढतेय बघ, चढतेय!" पहिला टायर भरला. सुई घसरली. दुसऱ्याला नळी लावली, बावीस पौंडांवर माझा आवाज बारीक झाला आणि थांबला. त्यानं मीटरवर टिचकी मारली. मला हलवलं. थपडा मारल्या. नोलीनसाठी ठेवलेल्या चहाचं गरम पाणी माझ्या अंगावर ओतलं. मग मला मिठी मारली आणि आपल्या अंगाची ऊब द्यायला लागला. "चल ना रे," तो म्हणत होता, "चल ना राजा." मी काय करणार? वाफेचा शेवटचा कणही टायरात गेला होता. पोटात काही नसलं की कितीही मिठ्या मारा.

नोलीन खांबाला टेकून ते पाहत होती. एखादी असती तर म्हणाली असती, मी सांगत होते. ही हसली. ओठ निळे पडले होते, तरी हसली.

"शेवटचा आलास बघ, डार्सी," ती म्हणाली. "चहा तुझ्याकडं लागला. घरी गेल्यावर एप्रन बांध आणि सगळ्यांना पाज. क्लाइव्हला आधी. वचन?"

"गप गं," तो म्हणाला. "वचन."

एका मऊ टायरच्या जागी त्यानं उरलेलं जादा चाक बसवलं. मागचे दोन टायर, एक बावीसवर आणि एक पंधरावर. त्यानं गाडी पळवली. पळवायची नव्हती, पण हळू चालवायचीही सोय नव्हती. अठ्ठावीस किलोमीटरवर मागचा डावा फाटला. मग तो लोखंडी रिंगवरच चालवत राहिला. मी मागं पिंजऱ्यात आदळत होतो. पुढून त्याचा आवाज येत होता. तो तिला विनोद सांगत होता, पबातले, सगळे जुने. ट्रकवाल्याचं टक्कल, मेंढपाळाची विजार. आधी ती मधूनमधून "हं" म्हणायची. मग "हं" यायचं थांबलं. तो सांगतच राहिला. कूरानीहून निघालेली गाडी समोरून आली तेव्हा चौपन्न किलोमीटर झाले होते. त्या गाडीत कॉम्प्रेसर होता.

दफन झाल्यावर सगळे घरी आले. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, सँडविच, नारळाच्या किसातले लॅमिंग्टन केक. क्लबचे सगळे होते. त्यांच्यातल्या दोघांनी मला गाडीतून काढून तिथंच भिंतीशी ठेवलं होतं, क्लाइव्हच्या कॉम्प्रेसरच्या शेजारी. क्लाइव्ह पायऱ्या चढून आला, त्याला कॉम्प्रेसर दिसला आणि तो तिथंच थबकला. वाकून त्यानं त्याच्यावरची धूळ हातानं पुसली. 

तेवढ्यात डार्सी आतून आला. हातात ट्रे, ट्रेवर कप, आणि काळ्या सुटावर तो फुलाफुलांचा एप्रन. नोलीनच्या कपाटातून काढलेला, तिनं इस्त्री केलेल्या घड्या तशाच उमटलेल्या.  तो सरळ क्लाइव्हपाशी गेला आणि पहिला कप त्याच्यापुढं धरला.

"आधी तुला," तो म्हणाला.

क्लाइव्हनं कपावर असा हात मारला की गरम चहा डार्सीच्या हातावर सांडला आणि कप खाली पडून फुटला. "आज तरी तमाशा नको रे, हरामखोरा!" तो ओरडला. "तिच्या मातीच्या दिवशीसुद्धा तुला लोकांना हसवायचंय?" त्यानं एप्रनचा पट्टा धरून ओढला. नोलीननं घातलेली शिवण उसवली आणि एप्रन त्याच्या हातात आला. मागं उभं असलेलं कुणीतरी म्हणालं, "काय माणूस आहे." दुसरं म्हणालं, "असाच होता कायम."

डार्सीनं तोंड उघडलं. बावीस वर्षं एकही माणूस ज्याच्यासमोर शब्दाला टिकला नाही, त्याला एक वाक्य सांगता आलं नाही. तिनंच सांगितलं होतं, एवढंच तर होतं ते. पण ते सांगायचं तर फाटकापाशी काय झालं ते सगळं सांगावं लागलं असतं. मी, सुई, बर्फाच्या बादल्या, सगळंच. तो खाली बसून कपाचे तुकडे वेचायला लागला. लोक लॅमिंग्टन तसेच टाकून निघून गेले.

त्याला आता तीन वर्षं झाली. त्याच्याकडं कुणी येत नाही. तिनं काय सांगितलं होतं हे दोघांनाच ठाऊक आहे, त्याला आणि मला. तो बोलणार नाही आणि माझं कोण ऐकतं? तुम्ही ऐकलंत. यारंडीला कधी गेलात, तर क्लाइव्ह किराणाच्या दुकानाच्या मागं राहतो. सांगायचं तर सांगा त्याला. नाही सांगितलंत तरी मला राग नाही. मीसुद्धा नव्हतं सांगितलं.

माझ्या तपासणीची मुदत संपली. आता मला कुणी भरणार नाही, कायदाच आहे तसा. खरं तर मला भोक पाडून भंगारात टाकायला हवं, आणि टाकलं तर बरं होईल. पण डार्सी टाकत नाही. रोज सकाळी दाढी झाली की तो न्हाणीघरातला वजनकाटा व्हरांड्यात आणतो. मीटर, नळी, सगळं काढून ठेवतो आणि मला दोन्ही हातांनी उचलून काट्यावर उभा करतो. गुडघे टेकून, चष्मा लावून आकडा बघतो. मग माझ्या खांद्यावर कोरलेला आकडा बघतो, बोट फिरवून.

"नऊ किलो आठशे," तो आतल्या खोलीकडं तोंड करून सांगतो. "केलं गं वजन, म्हातारे."

मग थोडा वेळ थांबतो, आतून कुणी काही म्हणतंय का ते ऐकायला.